उतरणीचा गाळ

"चप्पल काढ आधी!" अण्णा मळ्याच्या आतून ओरडला.

"मी आत येतच नाहीये, अण्णा. दारात उभी आहे."

"दारातबी काढायची."

काढली. करते काय! पुण्याहून एस.टी.नं मेथीच्या दोन कुंड्या मांडीवर घेऊन आले होते, कंबर धरली होती, आणि आता सकाळच्या उन्हात खड्यांवर अनवाणी उभी होते. सख्ख्या भावाच्या मळ्याच्या दारात. ह्याला वीसेक वर्षं झाली असतील, पण त्या दोन दिवसांची आठवण निघाली की अजून माझं डोकं तापतं.

आमच्या वाडीत पानमळा म्हणजे देऊळ. शेवरीची उंच झाडं ओळीनं लावायची, त्यांच्यावर विड्याच्या पानांचे वेल चढवायचे. आत भर उन्हाळ्यातसुद्धा गारवा असतो. चप्पल घालून आत कुणी जात नाही. आणि बाई तर नाहीच. मूळचा नियम फक्त पाळीच्या दिवसांपुरता होता म्हणतात. पण कुठल्या बाईला कधी पाळी आहे हे दारात उभं राहून विचारणार कोण? म्हणून पुरुषांनी सोपा मार्ग काढला आणि सगळ्याच बायका कायमच्या बाहेर ठेवल्या.

अण्णा बाहेर आला. भूपाल मगदूम, माझा थोरला भाऊ. अंगात बंडी, गुडघ्यापर्यंत धोतर, हातात वेल बांधायचं लव्हाळं.

"काय गं त्रिशला, एवढ्या सकाळी? आणि ही कुंड्यांची वरात कशाला?"

"हे बघ. ह्या कुंडीत माझ्या अंगणातली माती. मेथी कशी आलीय बघ. आणि ह्या दुसऱ्या कुंडीत आपल्या ओढ्यातला गाळ. एकाच पुडीतलं बी, एकच पाणी."

गाळातली मेथी उगवली होती चांगली, पण पानांच्या कडा पिवळ्या पडून आत सरकत आल्या होत्या. निम्मी रोपं मान टाकून पडली होती.

अण्णानं कुंडी उचलली, उलटसुलट करून बघितली आणि म्हणाला, "पाणी जास्त झालंय हिला."

"दोन्हींना सारखंच घातलंय रे!"

"पुण्याचं पाणी. क्लोरीन असतं त्यात."

"अरे, मग ही बरी हिरवीगार आहे!"

"ती सोसती असंल," अण्णा म्हणाला. "आन ही मेथी हाय गं. माझा येल हाय. येलाचं येगळं असतं."

डोकं आपटावं असं वाटलं, पण आपटायला जवळ शेवरी सोडून काही नव्हतं आणि शेवरीला मी शिवायचं नव्हतं.

घाई होती ती ह्यासाठी. दुसऱ्या दिवशी मळ्याची उतरण होती. वेल शेंड्याला पोचले की वर्षातून एकदा ते खाली उतरवतात, त्यांच्या उघड्या खोडांची वेटोळी करून बुंध्याशी ठेवतात आणि वर माती घालतात. मातीखाली नवी मुळं फुटून वेल पुन्हा तरणा होतो. आणि ही माती म्हणजे ओढ्याचा गाळ, दुसरी कुठली चालायची नाही. काळा, लोण्यासारखा गाळ. मळ्याच्या दाराशेजारी त्याचा माझ्या डोक्याइतका उंच ढीग येऊन पडला होता.

आमच्या आजोबांच्या वेळी त्या गाळात दोष नव्हता. पण मग वरच्या अंगाला पाण्याची योजना आली, माळ होता तिथं ऊस झाला, आणि उसात तण मारायला औषध आलं. सरींत फवारलेलं ते औषध पहिल्या पावसाबरोबर ओढ्यात उतरायचं आणि बंधाऱ्याच्या गाळात बसायचं. संक्रांतीला आले होते तेव्हा ओढ्याकाठची गवतं मला बरी दिसली नाहीत. पदर खोचून ओढ्यात उतरले, चार पिशव्या गाळ भरून नेला आणि पुण्यात मी नोकरीला होते त्या प्रयोगशाळेत तपासला. जे निघालं ते बघून झोप उडाली. अण्णाला फोनवर कितीदा सांगितलं, पण त्यानं हसण्यावारी नेलं. हा गाळ वेलाच्या मुळांशी गेला असता तर अण्णाचा मळा गेलाच होता. पतपेढीतली नोकरी सोडून त्यानं स्वतःच्या हातानं लावलेला मळा. पोरंबाळं नाहीत त्याला. जे काय होतं ते हेच.

"अण्णा, नीट ऐक. मी तपासलंय. ह्या गाळात—"

तेवढ्यात फटफटीचा आवाज आला आणि सातगोंडा तात्या येऊन उतरले. सातगोंडा खोत. शेजारचा मळा त्यांचा, आणि वरच्या अंगाचा निम्मा ऊसही त्यांचाच. माणूस वाईट नाही. वाईट असता तर फार बरं झालं असतं, भांडायला तरी सोपं गेलं असतं.

"ताई आल्या व्हय! बरं झालं," ते म्हणाले. "अण्णानं सांगितलं तुम्ही गाळाबद्दल शंका काढताय म्हणून. म्हटलं, शंका नको. मी स्वतः गाळ तपासून आणलाय. रिपोर्ट निल! कायबी न्हाई गाळात."

"कशाचं निल, तात्या?"

"औषधाचं. आमी जे मारतो त्येचं."

"तुम्ही जे मारता ते महिन्या-दोन महिन्यांत तुटतं. त्याचे तुकडे होतात. काही तुकडे गरीब असतात, काही मूळ औषधाचेच भाऊ असतात. गाळात ते बसलेत. तुकडे तपासायला सांगितलं होतं का तुम्ही?"

सातगोंडा तात्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "तुकडे कशाला तपासायचे? आमी तुकडे मारतच न्हाई."

मी एक लांब श्वास घेतला. "बरं. घरात काचेचा पेला फुटला, समजा. आता मला सांगा, घरात पेला आहे का?"

"न्हाई."

"मग चालाल तिथून अनवाणी?"

अण्णानं स्वतःच्या अनवाणी पायांकडे बघितलं, मग ढिगाकडे बघितलं. मला वाटलं, पोचलं बाई एकदाचं! खरंच सांगते, त्या क्षणी मला भावाचा पापा घ्यावासा वाटला.

"पण ताई," सातगोंडा तात्या म्हणाले, "काच डोळ्याला दिसती."

"हेही दिसतं. मशीनला दिसतं. मी बघितलंय."

"तुमच्या मशीनला दिसतंय, त्यांच्या मशीनला दिसत न्हाई. मग कुठलं मशीन खरं धरायचं?"

"दोन्ही खरी, तात्या! त्यांनी पेला शोधला, मी तुकडे शोधले!"

"दोन्ही खरी ना? मग भांडण कशाला," तात्या अगदी समाधानानं म्हणाले, आणि अण्णाच्या पाठीवर थाप मारून आत गेले. चप्पल मात्र आठवणीनं काढली हो त्यांनी.

अण्णाचा चेहरा परत मघासारखा झाला. "तू दमलीयास," तो मला म्हणाला. "घरला जा, जेव. सुगंधा वाट बघत असंल."

सुगंधावहिनी खरंच वाट बघत होत्या, पण माझी नाही, उद्याची. त्यांनी इरकली लुगडं काढून घडी मोडून दोरीवर टाकलं होतं. माझ्या गालावरून हात फिरवत म्हणाल्या, "ताई, खरं वाटंना झालंय मला. उद्या मळ्यात गाळाची पैली ओंजळ मी टाकायची. हे म्हणालेत."

त्यांच्या लग्नापासूनचं माझं अण्णाशी ते भांडण होतं. ह्या बाईनं त्या मळ्याला पाणी पाजलं, खत वाहिलं, ते सगळं दारापर्यंत. आतून पुरुष पानं खुडून आणणार आणि ही दाराबाहेर पोत्यावर बसून त्यांच्या कवळ्या, म्हणजे जुड्या, बांधणार. आतला वेल कसा चढतो हे तिनं जवळून कधी बघितलं नव्हतं. मी दर सुट्टीला अण्णाशी त्यावरून वाद घालायचे. विटाळ-बिटाळ सगळं थोतांड आहे, असं तोंडावर सांगायचे. आणि वहिनींची पाळी गेली तेव्हा कुठं अण्णा विरघळला. "आता काय अडचण न्हाई तिला. उतरणीला येऊ दे आत," असं त्यानं स्वतः चारचौघांत सांगितलं होतं. वाडीत अशी आत जाणारी ती पहिली बाई ठरणार होती.

जेवताना मी वहिनींना सगळं सांगितलं. त्यांनी भाकरी तव्यावर तशीच ठेवून ऐकलं.

"मळा जाईल?"

"जाईल, वहिनी. आधी शेवरी पिवळी पडेल, मग वेल बसेल."

"मग थांबवा की."

"कसं थांबवू? सकाळपासून सांगतेय. घसा बसला माझा."

वहिनींनी भाकरी उलटली. एक बाजू करपली होती. "ते कुणाचं ऐकत न्हाईत," त्या म्हणाल्या. "देवाधर्माचं असलं तरच ऐकत्यात."

हे त्यांनी काही सुचवायला म्हटलं नव्हतं. नवऱ्याच्या स्वभावाबद्दल बायका म्हणतात तसं म्हटलं. मीही तेवढ्यावर सोडून दिलं आणि संध्याकाळी अण्णाला परत एकदा सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्यानं जांभई दिली.

सकाळी मळ्याच्या दारात माणसं जमली. आमच्याकडे उतरणीला सगळे एकमेकांच्या मळ्यात सावडीनं येतात, आज ह्याच्याकडे, उद्या त्याच्याकडे. वेल आदल्या दोन दिवसांत उतरवून बुंध्याशी ठेवले होते. घमेली, पाट्या गाळानं भरून ओळीनं ठेवल्या होत्या. सातगोंडा तात्या पुढे होऊन सगळ्यांना सूचना देत होते. नारळ फुटला. खोबऱ्याचे तुकडे वाटले.

मी अण्णाचा हात धरून त्याला बाजूला घेतलं. "अण्णा, एक वर्ष. फक्त ह्या वर्षी खालच्या अंगाच्या माळावरची माती घाल. माझ्यासाठी घाल."

"माळाची माती? लोक हसतील मला."

"हसू दे की!"

"त्रिशला, माणसं जमल्यात. तमाशा करू नको." आणि वळून म्हणाला, "सुगंधा, ये फुडं."

वहिनी आल्या. इरकली लुगडं, कपाळाला ठसठशीत कुंकू, पाय धुतलेले. ढिगापाशी वाकून त्यांनी ओंजळभर गाळ उचलला. गाळाचं पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं तरी त्यांना भान नव्हतं. पुरुष दोन्ही बाजूंना सरकले. वहिनी दारापाशी गेल्या आणि त्यांनी उंबऱ्यापलीकडे टाकायला पाय उचलला.

त्या वेळी माझं जे काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. मशीन, तुकडे, मेथी, पेला, सगळं सांगून झालं होतं. दुसरं काही उरलंच नव्हतं हातात. मी पळत गेले, दोन्ही हात कोपरापर्यंत त्या ढिगात खुपसले, गुडघे टेकून ढिगावर चढले आणि वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "मला शिवायचं नाही आज! पाळी आलीय मला! पहिला दिवस आहे!"

कुणीतरी हातातलं घमेलं सोडलं. सातगोंडा तात्या चार पावलं मागे सरकले. पाट्यांजवळ उभे असलेले गडी पाट्या तशाच टाकून लांब जाऊन उभे राहिले. इतके दिवस बोलून जे झालं नव्हतं ते एका दमात झालं.

अण्णाचा चेहरा पांढरा पडला होता. "कवापासनं?" त्यानं विचारलं.

"आत्ता. सकाळी उठल्यापासून."

"सकाळी?" तो म्हणाला. "सकाळी सुगंधानं तुझी वेणी घातली की गं."

सगळे वहिनींकडे बघायला लागले. त्या उंबऱ्याशी तशाच उभ्या होत्या, ओंजळ भरलेली, एक पाय पुढे.

"तूबी घरला जा," अण्णा त्यांना म्हणाला. रागानं नाही म्हणाला. मान खाली घालून म्हणाला.

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. त्या एका बाईला सगळं ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी पुण्यात माझी गर्भपिशवी काढली होती, आणि ऑपरेशननंतर मला पेज भरवत, माझे केस विंचरत, ही बाई माझ्या उशाशी राहिली होती. अण्णाला मी अपेंडिक्स म्हणून सांगितलं होतं. वहिनींनी एक वाक्य बोलायची खोटी होती. बोलल्या असत्या तर उंबरा ओलांडून आत गेल्या असत्या.

त्यांनी ओंजळ उघडली. गाळ उंबऱ्याच्या अलीकडे पडला. पदराला हात पुसत त्या घराकडे चालायला लागल्या.

मळा वाचला. अण्णानं चरफडत माळावरची माती आणवली, दारात दूध-पाणी शिंपडलं आणि माझ्याशी एक शब्दही न बोलता मला एस.टी.त बसवलं. सातगोंडा तात्यांनी आमच्या ढिगाला बोटही लावलं नाही. ओढ्यातून स्वतःच्या ट्रॉलीनं ताजा गाळ काढला आणि रिपोर्टावर विश्वास ठेवून आपल्या मळ्यात घातला.

आषाढात अण्णाचा फोन आला. "सातगोंडाचा मळा गेला," तो म्हणाला. "शेवरी पिवळी पडली. येल बुडापासनं बसलं सगळं."

तात्यांबद्दल मला वाईट वाटलं, पण ते नंतर. आधी मला आनंद झाला, लपवून काय करू. आता तरी! आता तरी ह्या माणसांच्या डोक्यात उजेड पडेल!

"अण्णा, मी म्हणत होते ना?"

"व्हय. सगळी तेच म्हणत्यात."

"काय म्हणतात?"

"संक्रांतीला तू ओढ्यात उतरलीस. पिशव्या भरल्यास. तवाच सगळा गाळ नासला."

मला आधी कळेचना. कळलं तेव्हा मी हॉलमधून किंचाळले, "अरे, संक्रांतीला मला पाळी नव्हती!"

"ते कोण बघाय गेलंय?" अण्णा म्हणाला. मग जरा मऊ आवाजात, "तू सांगितलंस म्हणून माझा मळा वाचला बघ. दुसरी कुठली बाई लाजंनं गप्प बसली असती. मी सांगतो सगळ्यांस्नी, माझ्या भणीनं खरं सांगितलं."

मी रिसीव्हर आपटला. इतक्या जोरात, की पुढं दोन दिवस फोन बंद होता.

दिवाळीला गेले ते ठरवूनच गेले. वाडीनं तोवर बैठक घेऊन दोन गोष्टी ठरवल्या होत्या. ओढ्याचा गाळ इथून पुढे कुणी मळ्यात घालायचा नाही. आणि बायकांनी मळ्याच्या दारापर्यंतसुद्धा यायचं नाही. वर उसात औषध मारणं चालूच होतं, त्यावर कुणी चकार शब्द काढला नव्हता.

वहिनी आता दाराशी नव्हत्या. रस्त्याच्या पलीकडे, चिंचेखाली पोतं टाकून बसल्या होत्या. एक गडी पानांची पाटी त्यांच्यापासून हातभर अंतरावर ठेवून गेला.

"अण्णा कुठाय?" मी विचारलं.

"आत हायत. बसा."

"बसत नाही. मी त्याला आत्ताच्या आत्ता सांगणार आहे. माझी पिशवी काढलीय हे सांगणार. माझा विटाळ नव्हता, तुमचा नव्हता, सातगोंडा तात्यांचा मळा त्यांच्याच औषधानं गेला हे सांगणार. आणि तुम्हाला आत जाऊ दे म्हणून सांगणार. बास झालं हे!"

वहिनी पानं एकावर एक रचत होत्या. "मग?"

"मग काय मग?"

"मग ते म्हणतील, विटाळ न्हवता तर गाळ चांगला हाय. तात्यांचा कागद निल हाय. फुडल्या उतरणीला घालतील गाळ."

एवढं शिकले, एवढी मशीनं चालवली, आणि वहिनींचा हिशेब माझ्यापेक्षा पक्का निघाला. रागानं डोळ्यांत पाणी आलं. कुणाचा राग तेही कळेना, अण्णाचा, तात्यांचा, माझा, की शांतपणे पानं रचणाऱ्या ह्या बाईचा.

"तुमचं औषधाचं कुणी ऐकलं न्हाई, ताई," वहिनी म्हणाल्या. "हे ऐकलं. मी भाईर हाय तवर गाळबी भाईर हाय. सांगू नका."

"आणि तुम्ही? तुमचं काय?"

त्यांनी कवळीला दोरा गुंडाळला, गाठ मारली आणि रस्त्यापलीकडे बघितलं.

"हितनं दिसतो की मळा," त्या म्हणाल्या.